मामांच्या विहिरीतला गेरू

छत्रीमामा बिघडलेल्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसत नसत. एरवी बसत, चहाला बसत, गप्पांना तर मांडी घालून बसत. पण स्क्रीनवर काही बिनसलंय असं कळलं की खुर्ची बाजूला सरकवायची, हातातली काळी छत्री फरशीवर टेकवायची, मुठीवर दोन्ही तळहात, तळहातांवर हनुवटी, आणि उजव्या पायाचा तळवा डाव्या गुडघ्याला लावून एका पायावर उभं राहायचं. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. कीबोर्डला बोट नाही लावायचं. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला कळेचना, हे गृहस्थ दुरुस्तीला आलेत की नवस फेडायला. मी आमच्या साहेबांकडे पाहिलं, तर ते फाईल चाळण्याचं नाटक करत हसू दाबत होते.

छत्रीचंही नवलच होतं. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, गल्लीत टँकर शिरला की बाया पोळी तव्यावर टाकून पळत, आणि हा माणूस रोज छत्री घेऊन फिरतोय. शेजारपाजारची माणसं टोमणे मारायची. "मामा, ढग दिसले का कुठं?" मामा शांतपणे म्हणायचे, "ही पावसाची नव्हंच. टेकायची हाय." माझा काही विश्वास बसेना. एकदा ते चहाला खाली गेले तेव्हा मी ती छत्री उघडून बघायला गेले. उघडेना. काड्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या, आणि कापड दोऱ्यानं पक्कं शिवून टाकलेलं. तेवढ्यात मामा दारात. मी ओशाळले. ते मात्र खुशीत म्हणाले, "बगितली का उघडून? बरं केलं ताई. बगितल्याबिगर माणसानं कुणाचं ऐकू नये." तेव्हापासून ते मला आवडायला लागले.

मामा मूळचे चिकलठाण्याकडचे, मेंढपाळांच्या घरातले. वडलांची शे-दीडशे मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन आणि एक विहीर. कारखाने आले, चराई आकसली, मेंढरं विकली गेली, आणि मामा एका कारखान्यात हरकाम्या म्हणून लागले. तिथल्या नकाशे काढायच्या खोलीत पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्यावरची धूळ पुसायचं काम मामांकडे होतं. पुसता पुसता बघत गेले, बघता बघता विचारत गेले. पुढे कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या इंजिनियरांपेक्षा मामांना त्या यंत्रांची जास्त माहिती होती. मग त्यांनी छत्री उचलली आणि चिकलठाण्यापासून पुंडलिकनगरापर्यंतची लहानसहान ऑफिसं धरली. मेंढरं गेली, पण उभं राहायची पद्धत तेवढी राहिली.

इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता यायचं. कॉम्प्युटर काही चूक दाखवू लागला की ते खिशातून एक वही काढत आणि ती चूक जशीच्या तशी देवनागरीत उतरवून घेत. "येरर व्हाईल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज." खाली तारीख, कुणाचं ऑफिस, काय केल्यावर गेलं. तशा सात-आठ वह्या झाल्या होत्या. कॉलेज शिकलेली माणसं चुकांची लांबलचक यादी आली की शेवटची ओळ वाचतात आणि तिच्यामागे लागतात. मामा यादी वर सरकवत नेत, अगदी पहिल्या ओळीपर्यंत. "शेवटची चूक नुसती रडती ताई. काय झालं ते पहिली सांगती." मी भूगर्भशास्त्र शिकलेली बाई, खडकांचे थर खालून वर वाचायचे हे मला पाठ होतं. पण ही गोष्ट मला मामांनी शिकवली.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, साहेब, मी आणि एक यंत्र. गावात जायचं, जमिनीत लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि जमीन तिला किती अडवते याचे आकडे टिपायचे. काळा पाषाण एक आकडा देतो, लाल गेरूचा थर वेगळा देतो, पाणी धरणारा भुसभुशीत खडक आणखी वेगळा. हे आकडे एका जुन्या प्रोग्रॅमला दिले की तो जमिनीचा एक ठोकळा काढून दाखवायचा. पाषाण करडा, गेरू लाल, पाणी निळं. माउस धरून ठोकळा गोल फिरवून बघता यायचा. त्या वर्षांत आमच्याकडे इतकी गावं यायची की सळयांचे फोड हाताला कायमचे झाले होते. लोकांना आकडे कळत नाहीत, पण निळा रंग सगळ्यांना कळतो.

हा प्रोग्रॅम आमच्या मशीनवर बसवून दिला मामांनीच. चालू झाला तसे साहेब लगेच एका गावाचे आकडे भरायला निघाले. मामांनी छत्री आडवी धरली. "आधी माहितीतली जागा दाखवा त्याला. नवा तराजू घेतला तर आधी ठावकं वजन टाकून बगत्यात." साहेब म्हणाले, "अहो, माहितीतली जागा कुठून आणू? जमिनीच्या पोटात कोण बघून आलंय?" मामा म्हणाले, "मी आलोय."

आणि ते आम्हाला त्यांच्या विहिरीवर घेऊन गेले. चौकोनी, दगडी, एका अंगाला पायऱ्या, समोरच्या अंगाला मोटेची जागा. पाणी बरंच खाली होतं, पण होतं. मामांनी वाकून समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "त्या तिथं, मोटंच्या भिंतीला, पाच परस, म्हंजी तीसेक फूट खाली लाल पट्टा हाय. गेरू. आमच्या बापाला मेंढरांवर खूण करायला लागायचा. दुसऱ्याच्या कळपात मेंढरू मिसळलं तर वळखायचं कसं? बाजारातला गेरू दोन दिसात धुऊन जातो, ह्यो सालभर ऱ्हातो. मग मला कासऱ्यानं बांधून खाली सोडायचे आन मी खुरप्यानं खरवडून वर पाठवायचो." मी विचारलं, "भीती नाही वाटायची?" "वाटायची की. म्हनून तर भिंत ध्येनात राह्यली." आम्ही विहिरीभोवती सळया ठोकल्या, आकडे घेतले, आणि ऑफिसात आल्यावर ठोकळा काढला. मोटेच्या बाजूला, सांगितलं त्याच खोलीवर, लाल पट्टा. मामा छत्रीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिले. त्या फाईलला मी 'मामांची विहीर' नाव दिलं आणि विसरून गेले.

त्यांचा आणखी एक नियम होता. नवीन मशीन घेतलं, नवीन काही बसवलं, तरी जुनं फेकायचं नाही. "नव्यानं एक पावसाळा काढू द्या, मग जुन्याला निरोप." आता पावसाळाच येईना म्हटल्यावर जुनं जायचं कधी? आमच्या माळ्यावर दोन मशीनं, तीन कीबोर्ड आणि एक भलामोठा मॉनिटर साठला होता. साहेब वैतागायचे. मी तर एकदा भंगारवाल्याला हाकही मारली होती, पण मामांची आठवण होऊन त्याला रिकामाच परत पाठवला.

आता माझी करामत सांगते. लपवण्यात काही अर्थ नाही.

कॉम्प्युटरच्या मूळ प्रणालीची नवी आवृत्ती आली होती, आणि रोज सकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकट उघडून विचारायची, अपग्रेड करायचं का? मी रोज 'नंतर' म्हणायचे. त्या शनिवारी दुपारी साहेब बाहेर गेले होते, काम आवरलं होतं, आणि चौकट पुन्हा उगवली. मला वाटलं, बघू तरी काय नवीन आहे. दाबलं. तास-दीड तास पट्ट्या सरकत होत्या, मी शेंगदाणे खात बघत होते. नवा पडदा आला, अक्षरं सुबक झाली, चिन्हं गोलगोल झाली. मी खूश होऊन मशीन बंद केलं आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी फर्दापूरच्या अलीकडच्या एका गावाचा ठोकळा काढायला बसले. त्या गावाला टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. गावाला एकच बोअर मंजूर झाला होता, आणि बोअरची गाडी मंगळवारी पहाटे पोचणार होती. एक भोक पाडून ती पुढच्या गावाला जाणार, परत कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सरपंचबाई रविवारपासून फोन करत होत्या की खुंटी कुठं ठोकू तेवढं सांगा. मी प्रोग्रॅम उघडला. खिडकी उघडली, आणि तिच्यात नुसता काळोख. ना ठोकळा, ना रंग. बंद केला, उघडला, मशीन बंद केलं, चालू केलं. काळोखच. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "अपग्रेड केलं." साहेब एवढंच म्हणाले, "कोणी सांगितलं होतं?" त्यांनी आवाजही चढवला नाही, त्यामुळे तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकडे होते माझ्याकडे, चाळीसेक जागांचे. पण हातानं थर मांडायचे म्हणजे चार-पाच दिवसांचं काम, आणि गाडी उद्या.

मामा अकराच्या सुमारास आले. छत्री टेकवली, पाय गुडघ्याला लावला. "शेवटचं नीट कवा चाललं?" "शनिवारी सकाळी." "मग शनवार दुपारपासून काय काय झालं ते सांगा. काय बी वगळू नका." मी शेंगदाण्यांसकट सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. रागावले नाहीत. उलट त्यांच्या डोळ्यांत चमक आली. मला तेव्हा थोडा रागच आला होता, माझा जीव जातोय आणि यांना गंमत वाटतेय म्हणून.

"चिन्हावर टिचकी मारून नको," ते म्हणाले, "आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीतून नाव घेऊन हाक मारा त्याला. मग बोलंल." हाक मारली तशा चुका भराभर उमटल्या. मामांनी यादी वर नेली, पहिली ओळ वहीत उतरवली, आणि मला समजावून सांगितलं. चित्र काढायचं काम प्रोग्रॅम स्वतः करत नाही. त्यासाठी प्रणालीत तयार फायली असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. प्रोग्रॅम त्यांना नावानं बोलावतो आणि त्या येऊन रेघा ओढतात, रंग भरतात. आमचा प्रोग्रॅम जुना, त्याच्या ओळखीच्या लायब्रऱ्या जुन्या. अपग्रेडनं घर साफ करताना त्यांतल्या काही जुन्या म्हणून काढून टाकल्या. "तुमच्या गोलगोल चिन्हांना त्यांची गरज नाय. ह्या म्हाताऱ्याला हाय."

मग त्यांनी हजेरी घेतली. म्हणजे अक्षरशः हजेरी. एक आज्ञा दिली की प्रोग्रॅमला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी येते, आणि प्रत्येकीपुढे ती कुठे आहे ते लिहिलेलं असतं. मामा एकेका ओळीवर बोट ठेवून मोजत होते. "ही हाय. ही हाय. ही हाय. ही नाय." पुन्हा मोजलं. दोन गैरहजर. त्यांपैकी एक नव्या प्रणालीच्या साठ्यातून मागवता आली. दुसरीच्या जागी त्याच नावाची एक सापडली, तीही घेतली. दुपारी दोनला मी प्रोग्रॅम उघडला, आणि ठोकळा आला. करडा, लाल, आणि पुढच्या अंगाला, शाळेच्या बाजूला, लख्ख निळा पट्टा. मला रडू यायचंच बाकी होतं. साहेबांनी तिथल्या तिथं फोन लावला. "बाई, शाळेच्या मागे, कुंपणापासून वीस पावलं. ठोका खुंटी." पलीकडून आवाज आला, "नारळ फोडूनच ठोकते बघा साहेब."

सगळ्यांचं झालं, मामांचं झालं नव्हतं. मी चहा सांगितला तरी ते छत्री सोडेनात. "ताई, आमची विहीर दाखवा."

"मामा, आता कशाला?"

"चित्र आलं. खरं आलं का, ते बगू."

मला कंटाळा आला होता, पण उपकार केलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? फाईल उघडली. विहिरीचा ठोकळा आला. छानच दिसत होता. मामांचा वर घेतलेला पाय हळूच खाली आला. "गेरू पायऱ्यांच्या भिंतीला दिसतोय," ते म्हणाले.

मी पाहिलं. लाल पट्टा पुढच्या अंगाला, पायऱ्यांच्या बाजूला होता. मला वाटलं, मीच उलटं बघतेय. ठोकळा फिरवला. फिरवला की आणखी चमत्कारिक, पट्टा कुठल्याही बाजूनं पाहिलं तरी पुढेच यायचा. साहेब उठून आले. "मामा, इतक्या वर्षांची गोष्ट. तुमच्या लक्षात चूक होऊ शकते."

"व्हय, होऊ शकते."

"आणि मागे आपण काढलं तेव्हाही कदाचित असंच असेल."

"तवा मोटंच्या भिंतीला होता. ताईंनी बगितलाय."

साहेबांचा आता पारा चढला. खुंटी ठोकून झाली होती, शब्द देऊन झाला होता. "मामा, तुम्ही कॉम्प्युटर बघा. जमीन आम्ही बघतो."

मामा म्हणाले, "जमीन तुमचीच साहेब. पर ही विहीर माझी हाय. त्या भिंतीवर मी लोंबकळलोय."

मी माझी आकड्यांची वही ओढली. मला खरं तर साहेबांची बाजू बरोबर ठरायला हवी होती, कारण ती चुकली असेल तर चूक माझ्या बोटापासून सुरू झाली होती. चाळीस जागा हातानं करणं शक्य नव्हतं, पण तीन करता येत होत्या. दोन शाळेच्या बाजूच्या, एक ओढ्याच्या बाजूची. अर्धा तास मी कागदावर गणित मांडत होते. शाळेच्या बाजूला आकडे सांगत होते की खाली घट्ट पाषाण आहे, कोरडा ठणठणीत. पाणी धरणारा खडक ओढ्याच्या बाजूला होता, ठोकळ्याच्या मागच्या भिंतीत. म्हणजे चित्रातले रंग बरोबर होते, थर बरोबर होते, फक्त मागची भिंत पुढच्या भिंतीवर रंगवली जात होती. काय मागे आणि काय पुढे, हे त्या बदली लायब्ररीला कळत नव्हतं. मी कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

मामा तोवर यादीकडे परत गेले होते. त्याच नावाची जी लायब्ररी सापडली होती, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. "मेंढी पिल्लाला नावानं वळखत नाय ताई, वासानं वळखते. हिचं नाव जुळलं, वास नाय जुळला. ही नवी हाय. ह्याला जुनीच पायजे." मग त्यांनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्याबरोबर मीही पाहिलं.

स्टुलावर मी चढले. धुळीनं शिंकत जुनं मशीन खाली काढलं. पावसाळा न आल्यामुळे वाचलेलं ते मशीन चालू व्हायला दहा मिनिटं लागली, पण झालं. त्यातल्या दोन्ही जुन्या लायब्रऱ्या उचलल्या, प्रोग्रॅमच्या शेजारी एक वेगळं घर करून त्यात ठेवल्या, आणि त्याला सांगितलं की बाहेर शोधायच्या आधी इथं बघ. पुन्हा मामांची विहीर उघडली. लाल पट्टा मोटेच्या भिंतीला गेला. मामांचा उजवा पाय पुन्हा गुडघ्याला लागला. मग गावाचा ठोकळा उघडला. शाळेची बाजू करडी आणि ओढ्याच्या बाजूला निळं.

आता सरपंचबाईंना सांगायचं कोणी? साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. ते बरोबरच होतं. मी म्हटलं, "बाई, माझी चूक झाली. खुंटी हलवावी लागेल. ओढ्याच्या अंगाला." मला वाटलं, आता शिव्या. बाई म्हणाल्या, "नारळ फोडला हो ताई. गाव जमलं होतं." मी म्हटलं, "माहीत आहे." "आता पक्कं हाय का?" मी मामांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "पक्कं आहे." तेव्हा त्या म्हणाल्या, "मग हलवते. नारळ दुसरा फोडता येतो, बोअर दुसरा कोण देतो आम्हाला."

मंगळवारी दुपारी फोन आला तेव्हा मामा मुद्दाम येऊन थांबले होते. दोन इंच पाणी लागलं होतं. साहेबांनी फोन ठेवला, खाली जाऊन स्वतः चहा आणला आणि पहिला कप मामांना दिला. मामांनी बशीत ओतून घेतला आणि विचारलं, "गेरू लागला का मधी?" साहेबांना माहीत नव्हतं. मामा म्हणाले, "लागला असला तर सांगा त्यांना, धुळवडीला कामाला येतो."

त्यानंतर मामा महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिले. शहर जालना रोडनं पुढे पुढे सरकत चाललं होतं. चिकलठाण्याकडची रानं बघता बघता प्लॉट झाली, चुन्याच्या रेघा पडल्या, रेघांवर कॉलम उभे राहिले. मामांच्या भावकीनं जमीन विकायचं ठरवलं. मामा एकटे नको म्हणून किती दिवस टिकणार? मी एकदा विचारलं, "वाईट वाटतं का हो?" ते म्हणाले, "जिमिनीचं नाय वाटत. पोरांना घर पायजे, खरं हाय. विहिरीचं वाटतं." आणि मग नेहमीप्रमाणे वही काढून कुणाच्या तरी प्रिंटरबद्दल बोलायला लागले.

एके दिवशी दुपारी ते आले तेव्हा आमचं काहीच बिघडलेलं नव्हतं. मी बोलावलंही नव्हतं. दारात उभे राहून म्हणाले, "आज बुजवली." मला कळायला क्षणभर लागला. "डबर टाकलं वरून. सकाळपासून गाड्या येत व्हत्या." मग ते म्हणाले, "ताई, जरा दाखवता?"

मी फाईल उघडली आणि सवयीनं त्यांच्यासाठी खुर्ची बाजूला सरकवली. मामांनी छत्री भिंतीला लावून ठेवली. "बसू का जरा?" असं विचारून ते खुर्चीत बसले. त्या स्क्रीनसमोर बसलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी माउस हातात घेतला आणि विहीर हळूहळू फिरवत राहिले, पायऱ्या, मोट, पायऱ्या, मोट. मी आत जाऊन उगाच कपाट आवरत बसले, कारण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढे पाऊस बरा झाला त्या वर्षीच्या थंडीत मामा गेले. आम्हाला आठ-दहा दिवसांनी कळलं. साहेब आणि मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेनं त्या वह्या माझ्या हातात ठेवल्या. "आम्हाला काय कळत नाय ह्यातलं, तुम्हीच न्या." त्यांतल्या एका वहीत आमच्या त्या सोमवारची नोंद होती. चूक लिहिली होती, उपाय लिहिला होता, आणि खाली, 'विहिरीवरून कळालं.' ती ओळ मी घरी जाऊन परत वाचली आणि खूप रडले.

त्यांच्या वह्या आजही ऑफिसात आहेत. मशीन बदललं, प्रणाली किती वेळा बदलली. दर अपग्रेडनंतर त्या म्हाताऱ्या प्रोग्रॅमला त्याच्या जुन्या लायब्रऱ्या शेजारी ठेवून द्याव्या लागतात, आणि दर वेळी मी कुठल्याही गावाच्या आधी मामांची विहीर उघडते. साहेब आता थकलेत, रोज येत नाहीत. पण त्या दिवशी आवर्जून येतात आणि मागे उभे राहून विचारतात, "गेरू कुठल्या भिंतीला?" मी सांगते, "मोटेच्या." मग ते म्हणतात, "करा सुरू."

गेल्या उन्हाळ्यात असंच नवीन मशीन लावलं होतं, आणि नेमके त्याच दिवशी चिकलठाण्याकडच्या एका सोसायटीचे अध्यक्ष आले. सात मजली इमारत, दोन बोअर कोरडे गेलेले, रोज टँकर. तिसरा बोअर कुठं घ्यावा ते विचारायला आले होते. त्यांनी पत्ता सांगितला. मी तो परत विचारला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "एक मिनिट थांबा. आधी ही एक फाईल बघते." विहीर उघडली. करडा पाषाण, चौकोनी तोंड, आणि मागच्या भिंतीला लाल पट्टा.

"ही कुठली विहीर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुमची," मी म्हटलं. "तुमच्या पार्किंगखाली आहे."

ते हसले. मी हसले नाही तसे ते थांबले आणि पुढे वाकून बघायला लागले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "पाणी होतं हिला?"

"दुष्काळातही होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आणि हे तांबडं काय आहे?"

मला मामांची फार आठवण आली. अध्यक्षांना म्हटलं, बसा, सांगते. ते बसले, साहेब बसले. मी सांगायला लागले, कासऱ्याला बांधलेल्या पोरापासून, आणि अर्ध्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी स्वतः खुर्ची मागे सरकवून उभीच आहे.